साडेनऊ हजारांत चोवीस कोअर

५ मार्च, दुपार

आज आलेलं सामान :

सर्व्हर यंत्र, जुनं, एक. साडेनऊ हजार.
त्याच्या लोखंडी पट्ट्या, दोन. फुकट. कशासाठी असतात ते भाऊजींनाही सांगता येईना. वजनदार आहेत, ठेवून दिल्या.
जाड वायरी, दोन. फुकट. पण आपल्या भिंतीतल्या भोकांत बसत नाहीत.
नवा सॉकेट आणि तो बसवणारा माणूस, सातशे. लूट.
हमाल दोन, चारशे. तिसऱ्या मजल्याचे म्हणे वेगळे. जिना काय मी बांधला?
यंत्राच्या पोटातून निघालेली धूळ, सुपलीभर. एक मेलेलं झुरळ. फुकट.

झुरळ बघून शिसारी आली. यंत्र आधी भाऊजींच्या ऑफिसात होतं, म्हणजे झुरळही ऑफिसातलंच. ओलं फडकं घेऊन पुसायला गेले तर भाऊजी किंचाळले, वहिनी, पाणी नको! मग कोरड्यानं पुसलं, देवाचं नाव घेत. फडकं टाकून दिलं. माझ्या हातून फडकं टाकलं गेलं यावरून किळस किती असेल ते कळावं.

कशासाठी घेतलं तेही लिहून ठेवते, उद्या कोणी विचारायला नको. सूनबाईला एका कंपनीत काम मिळण्याच्या बेतात आहे. शाळेच्या पोरांसाठी धड्यांचे व्हिडिओ असतात, त्यांची काटछाट आणि जुळवणी करायची. परीक्षा म्हणून तीन धडे वीस तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचे. पसंत पडले तर नोकरी. स्वतःचं चांगलं मशीन असेल तर काम घरून. नाहीतर कंपनीच्या गावी जाऊन राहायचं, मशीन त्यांचं, जागाही त्यांचीच. चिरंजीव म्हणाला, आई, एक बरा लॅपटॉप झाला तर आम्ही इथेच राहतो, नाहीतर मी तिकडे बदली मागून घेतो. मागून घेतो! जसा काही मागायलाच टपलाय.

मी म्हटलं, मशीन मी देते. त्यांनी राहावं की जावं यात मी पडत नाही. मधली खोली रिकामी राहिली तर जळमटं होतात, एवढाच माझा मुद्दा.

सूनबाईनं दाखवलेला लॅपटॉप पंच्याऐंशी हजारांचा. दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवला तर उकळीबरोबर उडून जाईल इतका हलका. शी. याला वस्तू म्हणतात? आमचं यंत्र उचलायला दोन माणसं लागली, आणि त्यातल्या एकाची कंबर धरली.

भाऊजींनी कागदावर लिहून दिलंय : दोन प्रोसेसर, प्रत्येकात बारा कोअर. कोअर म्हणजे डोकी समजा, वहिनी. म्हणजे चोवीस. लॅपटॉपात एकच चिप आणि आठ डोकी. मी मॅट्रिक आहे, गणितात बासष्ट मार्क होते. वजाबाकी येते मला.

संकल्प : लॅपटॉप हा शब्द या घरात पुन्हा निघणार नाही.

६ मार्च, सकाळ

यंत्र सुरू केलं. आधी काहीच नाही. मग विमान.

हे दोन्ही हातांनी पेपर धरून बसले होते. म्हणाले, चला, या घरात तुझ्यावर आवाज चढवणारं कोणीतरी आलं. दुर्लक्ष केलं.

भाऊजी म्हणाले, उठताना ओरडतं, मग शांत होतं. झालं शांत. म्हणजे विमान गेलं आणि पिठाची गिरणी उरली.

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी. ऑफिसच्या मशीनरूमची किल्ली रिटायर होईपर्यंत त्यांच्याकडेच होती. चपला बाहेर काढून आत जायचे. अख्ख्या ऑफिसचा पगार याच्यावर निघायचा म्हणे, आणि आठ वर्षांत हे एकदाही बंद झालं नाही. मी विचारलं, वीज गेली तरी? तर म्हणाले, कपाटाएवढ्या बॅटऱ्या होत्या की आम्हाला. त्या का नाही आणल्या, असं विचारल्यावर म्हणाले, वहिनी, त्या यंत्राहून महाग. मग नकोत. आमच्याकडे वीज जात नाही. भाऊजींना पहिल्यापासूनच मोठेपणा सांगायची सवय.

सूनबाई गप्प उभी होती. भारावली असावी.

७ मार्च, रात्रीचं जेवण होण्याआधी

जपाला बसण्यापूर्वी घरातली सगळी बटणं बंद करायची हा माझा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. दिवे, पंखे, फ्रिजसुद्धा. देवापुढे बसल्यावर घरात काहीही घरघरता कामा नये. शिवाय वीज वाचते. देव आणि मीटर, दोन्ही प्रसन्न.

आज यंत्राचंही बटण बंद केलं. माळेचे चार मणी झाले नाहीत तोच सूनबाई धावत आली. ती काही जोडत बसली होती, ते सगळं गेलं म्हणे. जाईल कुठे? दारं तर बंद होती. यंत्र पुन्हा उठायला इतका वेळ घेतं की तेवढ्यात माझी अख्खी माळ झाली. सूनबाई म्हणाली, आई, बंद करायच्या आधी मला फक्त एक हाक मारा. आणि मग हळूच म्हणाली, लॅपटॉपचं तसं नसतं, पोटात बॅटरी असते, बटण बंद केलं तरी तो चालतच राहतो.

शब्द काढलाच. संकल्पाला तीन दिवस पुरे झाले नाहीत.

बटण बंद केलं तरी चालत राहणारी वस्तू! किती कोडगेपणा तो.

ठरलं : हाक मारायची.

९ मार्च

खालच्या बाई वर आल्या. आमच्या बरोबर खाली एकट्याच राहतात, शाळेत शिकवायच्या. दारातूनच म्हणाल्या, अहो, गिरणी काढलीत का? माझ्या छताला कान लावायची गरज नाही, छतच माझ्या कानाला लागलंय. मी म्हटलं, सर्व्हर आहे, चोवीस कोअरचा. म्हणाल्या, माझ्या भाच्यानं दिलेला लॅपटॉप आहे, मी त्यावर पत्ते खेळते, त्याचा तर श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

जळतात.

जाताना वाटीभर साखर मागून घेऊन गेल्या. वाटी माझी.

११ मार्च, संध्याकाळ

शत्रू एकदा डोळ्यांनी बघून यावा म्हणून यांना घेऊन दुकानात गेले. आत थंडगार आणि कसला तरी फवारलेला वास. टेबलावर लॅपटॉप उघडे मांडलेले, येईल त्यानं बोटं लावावीत. प्रत्येक पडद्यावर तेलकट ठसे. एका पोरानं नाकातलं बोट काढून त्याच बोटानं कळ दाबली. मी माझे हात पदरात घेतले.

विक्रेता हसरा. मला पहिला राग तिथेच आला. काकू, काय दाखवू? मी भाऊजींचा कागद पुढे केला. त्यानं वाचला आणि हसू आवरत म्हणाला, काकू, हे फार जुनं आहे, कोअर मोजू नका, हे कोअर वेगळे. मी म्हटलं, वेगळे म्हणजे खोटे का? म्हणाला, नाही हो, यातला एकेक तुमच्या तिघांच्या बरोबरीचा. आणि हे बघा, चार मोठे, चार लहान.

लहान! म्हणजे आठ म्हणून जाहिरात करायची आणि त्यातले चार लहान. बसमध्ये लहानांचं अर्धं तिकीट असतं. मी तिथल्या तिथे हिशेब केला, चार आणि दोन, सहाच झाले. त्याला तसं सांगितलं. तो यांच्याकडे बघायला लागला. हे छताकडे बघत होते.

वजन किती, विचारलं. सव्वा किलो, काकू, हातात घेऊन बघा, असं अभिमानानं सांगतो. पंच्याऐंशी हजारांत सव्वा किलो! आणि पंखा कुठे, विचारलं तर म्हणे, याला पंखाच नाही, तापत नाही हा. काम न करणारं माणूसही तापत नाही, मी म्हटलं.

परतताना हे रस्ताभर दुकानाकडे वळून वळून बघत होते. जिन्यात म्हणाले, छान होता. मी विचारलं, विक्रेता? म्हणाले, हो, विक्रेताच.

१३ मार्च

समोरासमोर परीक्षा घेतली. मीच म्हटलं, होऊन जाऊ दे. चिरंजीवानं खालच्या बाईंचा लॅपटॉप मागून आणला. बाई बरोबर आल्या, बोलावलं नव्हतं. भाऊजीही आले, धुतलेला शर्ट घालून.

एकच धडा, दोन्हींवर एकदम लावला. मी चहा ठेवला.

चहाला उकळी फुटायच्या आत लॅपटॉपनं टुण् असा आवाज केला. मला वाटलं बिघडला. सूनबाई म्हणाली, झालं त्याचं.

आमचं यंत्र चालू होतं. चहा झाला, पिऊन झाला, कप धुऊन पालथे घातले, बाईंनी त्यांच्या गुडघ्याची सगळी हकिगत सांगितली. मग आमचं झालं. भाऊजी कपाळ पुसत म्हणाले, वयोमानानं होतं असं.

सूनबाईनं समजावून सांगितलं. ती सांगते चांगलं, आवाज न चढवता. म्हणाली, आई, नव्या चिपमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भागच बसवलेला असतो, तो हेच एक काम करतो. आपल्याला ते सगळं साध्या डोक्यांनी करावं लागतं, आणि यातलं एकेक डोकं आता सावकाश चालतं. त्यातून कामं बहुतेकदा दोन-चार डोक्यांपुरतीच असतात. बाकीची बसून राहतात.

बसून राहतात! वीसच्या वीस! वीज खात, वारा घालत, मधल्या खोलीत बसून! नुसती घृणा आली. लग्नाला आलेले यांचे नातेवाईक आठवले.

पण मग मला खरी गोष्ट सुचली. एका बटाट्यासाठी मी कुकर लावते का? तिन्ही भांडी भरल्याशिवाय शिट्टी होऊ देत नाही मी. यंत्रही भरूनच लावायला हवं. मी विचारलं, तिन्ही धडे, सगळे तुकडे, एकदम लावले तर? सूनबाईनं बोटांवर हिशेब केला. खरं बोलायची तिला सवय आहे. म्हणाली, तसं केलं तर सगळी डोकी कामाला लागतील, मग हे जवळजवळ बरोबरीत येईल.

बरोबरीत! शब्द तिचा. खालच्या बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण त्या गुडघा चोळत होत्या.

नियम केला : थोडंथोडं लावायचं नाही. सगळं साठवून वीस तारखेला सकाळी एकदम. सूनबाई म्हणाली, आई, शेवटच्या दिवसावर ठेवणं धोक्याचं आहे. मी म्हटलं, चोवीस डोकी आहेत, तू काळजी करणारं पंचविसावं होऊ नकोस.

१५ मार्च

मीटरचा लाल दिवा एरवी सावकाश लुकलुकतो. आता थांबतच नाही. बघणं बंद केलं.

उलट एक फायदा सापडला. यंत्राच्या मागून गरम वारा येतो. त्यापुढे दोरी बांधून रुमाल वाळवले. मोजेही. दुधाला विरजण लावून पातेलं शेजारी ठेवलं, दही दुपारपर्यंत लागलं, घट्ट. त्या विक्रेत्यानं लॅपटॉपवर एक रुमाल वाळवून दाखवावा!

सूनबाई खोलीत आली, मोज्यांकडे बघितलं, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, आई, मी जरा खालच्या बाईंची वाटी देऊन येते. वाटी माझीच होती, त्या परत देणार होत्या. पण बोलले नाही.

१७ मार्च

वाटी द्यायला सूनबाई आजही गेली. काल वाटी आणायला गेली होती. वाटी देणं-आणणं आणि तास-दीड तास? एकाकी बाईला सोबत म्हणून जात असणार. मनानं चांगली आहे पोरगी. हे मी कुठेही बोलणार नाही.

पण खाली जाताना बरोबर ते बोटाएवढं यंत्र, पेनड्राइव्ह म्हणतात ते, कशाला नेते? बाईंना फोटो दाखवत असेल.

यांनी आता कानात कापूस घालायला सुरुवात केली आहे. कापूस महाग आहे. जुनी उशी उसवून दिली.

१८ मार्च

भाऊजींचा फोन. यंत्राची तब्येत विचारायला. माझी विचारली नाही.

२० मार्च, सकाळ

आज. सगळं लावलं. तिन्ही धडे, सगळे तुकडे, एकही भांडं रिकामं नाही. सूनबाईनं पडद्यावर दाखवलं, चोवीस चौकोन, चोवीसही भरलेले. काय शोभा! घोंघावतंय असं की खिडकीची काच थरथरते. चारपर्यंत होईल म्हणाली, सहाची वेळ, म्हणजे हात राखून. चिरंजीवानं रजा घेतली आहे. कशाला घेतली, कोण जाणे.

मुलं इथेच राहणार. म्हणजे राहिली तर मला काही अडचण नाही, असं.

२० मार्च, दुपार

सूनबाईच्या यशासाठी एक जादा जप करायचा ठरवलं. एवढं आपण करावं तिच्यासाठी. तिला सांगितलंही नाही, सांगून केलेलं पोचत नाही.

नेमाप्रमाणे बटणं बंद केली.

हाक मारायची ठरली होती ते माझ्या लक्षात होतं. मारलीही. मनात मारली, कारण हातपाय धुऊन झाल्यावर मी बोलत नाही.

आणि काय सांगू, सकाळपासूनच्या त्या घोंघावण्यानंतर घर शांत झालं. काच थांबली. रस्त्यावरची सायकलची घंटासुद्धा ऐकू आली. मन असं लागलं, असं लागलं! प्रत्येक मण्याला, ते राहू देत, ते राहू देत.

डोळे उघडले तर सूनबाई दारात. मधल्या खोलीत गेली, ते बोटाएवढं यंत्र उपसलं आणि तशीच अनवाणी जिना उतरली.

चिरंजीव म्हणाला, आई. एवढंच. मी म्हटलं, अरे, मी यंत्र कुठे बंद केलं, मी फक्त बटण बंद केलं. यांनी उठून बटण लावलं आणि पुन्हा खुर्चीत बसले. हे काही बोलत नाहीत तेव्हा मला यांचा सगळ्यात जास्त संताप येतो.

यंत्र विमानासारखं ओरडत उठलं. पडद्यावर चोवीस चौकोन. सगळे रिकामे.

२० मार्च, संध्याकाळ

सहाला पाच कमी असताना सूनबाई वर आली. पाठवून झालं म्हणाली. पाणी प्यायली.

बघा. जप फुकट जात नाही.

२२ मार्च

खालच्या बाई जिन्यात भेटल्या. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. दोन धडे पोरीनं आधीच माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुरे केले होते हो, माझ्या लॅपटॉपवर. परवा तिसरा करायला आली ती अनवाणीच. माझी वायर आखूड, भिंतीपर्यंत पोचेना, तर नुसत्या बॅटरीवर बसून केला तिनं. मी तोवर पत्ते खेळले नाहीत.

मोठं औदार्य!

म्हणजे वाट्या. म्हणजे तेवढे सगळे दिवस. माझ्या घरात चोवीस डोकी वाट बघत बसलेली असताना माझी सून खाली सव्वा किलोच्या झाकणावर काम करत होती. अंगावर शहारा आला, घाणीत हात पडल्यासारखा.

बाईंना इतकंच म्हटलं की तुमच्याकडे माझ्या दोन वाट्या राहिल्यात.

२७ मार्च

पसंत! सूनबाई पास! शेवटी यश ते यश. लावणी कुठल्या का शेतात होईना, पीक माझ्याच घरात आलं की. हे म्हणाले, तू स्वतःला काहीही पटवू शकतेस, हा खरा प्रोसेसर. मी ऐकलं नाही. कापूस आता मीही घालते.

मधल्या खोलीला नवा पडदा शिवायला काढला. जुन्या चादरीचा.

२८ मार्च

कंपनीच्या बाईंचा सूनबाईला फोन आला. सूनबाई मधल्या खोलीतच उभी होती. मी रुमाल काढत होते, आणि गिरणीपुढे ऐकू यावं म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून कापसातूनही ऐकू आलं. पलीकडून पहिलाच प्रश्न, तुम्ही कारखान्यात आहात का? सूनबाई नाही म्हणाली. मग विचारलं, घरून काम करायचं तर शांत खोली हवी आणि वीज खात्रीची हवी, मशीन एक वेळ आम्ही पाठवू, पण या दोन गोष्टी आहेत का तुमच्याकडे?

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आहे म्हण, आहे म्हण. हातानंही खूण केली, हातात मोजा होता.

ती म्हणाली, नाही.

इतकं खरं बोलणारी सून मी उभ्या जन्मात पाहिली नाही. वीट आला मला खरेपणाचा.

चिरंजीव स्वयंपाकघरात आला, ओट्यापाशी उभा राहिला. म्हणाला, आई, प्रश्न लॅपटॉपचा नव्हता गं. कशाचा होता ते मी विचारलं नाही. पडदा अर्धा शिवून झाला होता, दोरा तोडला.

४ एप्रिल

गेली. सामान कमीच होतं. लोखंडी पट्ट्या देत होते, घेतल्या नाहीत. जाताना सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही दिलंत हे मी विसरणार नाही, पण आता हे चालू ठेवू नका हं, बिल फार येईल. बिलाचं बोलणारी सून. अशी पुन्हा मिळणार आहे का कुठे?

तिथे कंपनीनं तिला लॅपटॉप दिला म्हणे. पातळ.

संध्याकाळी यंत्राचं बटण बंद केलं. मधल्या खोलीत बंद करायला तेच एक उरलं होतं. जपाला बसले. मन लागलं नाही.

१० एप्रिल

विजेचं बिल आलं. इथे आकडा लिहीत नाही. वही बाटेल.

भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं यंत्र काट्याला लावलं. मला बरं वाटलं, वजनाची किंमत जाणणारा एक तरी माणूस निघाला. मग त्यानं भाव सांगितला. हमालांना दिले त्याहून कमी. मी म्हटलं, अरे, यात चोवीस डोकी आहेत. म्हणाला, मावशी, डोक्यांना भाव नाही, लोखंडाला आहे.

हाकलून दिला. जाताना त्या दोन पट्ट्यांचे मात्र बरे पैसे देत होता. दिल्या.

भाऊजींना सांगितलं नाही.

१६ एप्रिल, दुपार

चिरंजीवाचा फोन, नवी जागा बघ म्हणे, व्हिडिओवर. यांचा फोन बटणांचा, त्यात दिसत नाही कोणी. यंत्र लावलं. विमान, गिरणी, सगळं झालं, आणि मग कळलं की याला कॅमेरा नाही. बोललेलं ऐकू यायलाही काही नाही. आठ वर्षं अख्ख्या ऑफिसचे पगार काढले, पण कोणाचं तोंड बघायची सोय नाही.

खालच्या बाईंची वाटी द्यायला गेले. त्यांचीच होती या वेळी.

त्यांच्या टेबलावर, त्या झाकणावर, सूनबाई अशी दिसली की कपाळावरचा घामसुद्धा दिसला. मागे गॅसवर काहीतरी उतू जात होतं, तेही मीच सांगितलं तिला. चिरंजीव बारीक झालाय. झाकणाचा आवाज शून्य. दोघांचेच आवाज. वाटी देऊन वर यायला मला दीड तास लागला. हे म्हणाले, एकाकी बाईला सोबत म्हणून गेली होतीस का?

फोनवर सगळं बोलता येत नाही, चिरंजीव मध्येच हसतो. म्हणून पत्र. आधी इथे कच्चं लिहिते, चांगला कागद फुकट जायला नको.

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. यंत्रावर सध्या कुंडी ठेवली आहे. भक्कम बसते. तुझ्या लॅपटॉपची चौकशी मुद्दाम करते असं समजू नये. पण खालच्या बाईंकडे रोज जाणं बरं दिसत नाही, आणि घरातल्या वाट्या संपल्या. तुझ्या कंपनीत कोणी वापरून बाजूला टाकलेला एखादा पातळ असेल तर विचारून ठेव. कोअर किती ते बघायची गरज नाही. वजनही बघू नये.

मधल्या खोलीत आता काहीच वाजत नाही. पडदा पुरा केला आहे. तिथल्या बटणावर मी चिकटपट्टी लावून घेतली आहे, दुहेरी, ते आता कोणालाच बंद करता येत नाही. जप मी हल्ली फ्रिज चालू ठेवून करते. फारसं ऐकू येत नाही.

सुट्टी कधी मिळते, आणि आलात तर चार दिवस काम इथून होण्यासारखं आहे का, ते उलट टपाली कळवावे.